खेळातलं नाणं बाजारात आलं की…

पालममधल्या एखाद्या मुलाने मोबाइलवरच्या साध्या खेळात नाणी जमवली, तर ती त्या खेळातच राहतात. क्रिप्टोवर चालणाऱ्या खेळातली नाणी मात्र बाहेर विकता येतात. अशा व्यवहारांचा खर्च कमी करणारं ‘पॉलिगॉन’ हे जाळं 2017 मध्ये ‘मॅटिक’ नावाने मुंबईतूनच उभं राहिलं.

पण कमाईच्या गोष्टी ऐकताना ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ हा क्रिप्टोवरचा खेळ आठवावा. सुरुवातीला या खेळात उतरायचं तर आधी खेळातले तीन डिजिटल प्राणी विकत घ्यावे लागत. जिंकलं की ‘एसएलपी’ हे टोकन मिळे. जुलै 2021 मध्ये एक टोकन सुमारे 28 रुपयांवर गेलं आणि वर्षाच्या आत रुपयाखाली आलं. रोज नवी टोकनं निघत होती, विकणारे वाढत होते, आणि मागणी टिकली होती ती नव्या खेळाडूंच्या जिवावर. मार्च 2022 मध्ये तर हा खेळ ज्यावर चालतो त्या ‘रोनिन’ जाळ्यातून 60 कोटी डॉलरहून जास्त रक्कम चोरीला गेली.

आपल्याकडे 1 एप्रिल 2022 पासून अशा टोकनच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे. एका टोकनमधला तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून वजा करता येत नाही. पालकांनो, मुलाला पैसे देण्याआधी त्याच्यासोबत बसून हा हिशेब मांडा.