सांडपाण्यातील संप्रेरके आणि ओझोन

शरीरातील ग्रंथींच्या संदेशवहनात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांपैकी गर्भनिरोधक गोळ्यांतील इथिनिलएस्ट्राडायोल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, इतक्या अल्प प्रमाणातही माशांना बाधते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात प्रयोगांसाठी राखलेल्या ‘सरोवर क्रमांक २६०’मध्ये २००१ ते २००३ या काळात त्याचे प्रमाण लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम ठेवले असता ‘फॅटहेड मिनो’ जातीच्या नरांत अंड्याच्या बलकाचे पूर्वप्रथिन तयार होऊ लागले आणि पुढे ती जात सरोवरातून जवळजवळ नाहीशी झाली.

शरीराबाहेर पडताना या संप्रेरकाचा मोठा भाग निष्क्रिय संयुगाच्या रूपात असतो. सांडपाण्यातील जिवाणूच त्या संयुगातील बंध तोडून त्याला पुन्हा सक्रिय करतात, ही यातली विपरीत बाब होय. हवा खेळवून वाढवलेल्या जिवाणूंकडून पाणी शुद्ध करून घेणाऱ्या सक्रिय गाळ प्रक्रियेत नैसर्गिक एस्ट्राडायोल बरेचसे विघटित होते, परंतु कृत्रिम रेणू त्याला जोडलेल्या इथिनिल गटामुळे चिवट ठरतो. म्हणून पुढच्या टप्प्यात वापरला जाणारा ओझोन त्या रेणूच्या फिनॉल-वलयावर आघात करतो आणि संप्रेरक-ग्राहीशी जुळणारा भागच मोडल्याने त्याचा प्रभाव ओसरतो, तर सक्रियित कार्बन त्याला आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. ओझोनही निर्दोष नाही, कारण पाण्यात ब्रोमाइड असल्यास त्यापासून ब्रोमेट हे घातक संयुग बनू शकते. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून निवडक सांडपाणी केंद्रांना अशा सूक्ष्म प्रदूषकांपैकी ८० टक्के काढून टाकणे कायद्याने बंधनकारक आहे.