पुस्तक वाचायचे, पण कोणत्या पडद्यावर?

शाळेच्या ग्रंथालयासाठी ई-बुक रीडर घ्यायचे ठरले, की 'किंमत किती?' आणि 'त्यात पुस्तके किती मावतात?' हे प्रश्न आधी विचारले जातात. आम्हांला वाटते, त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : अक्षरे दाखवणारा प्रकाश येतो कुठून?

छापील पान स्वतः प्रकाश देत नाही. त्यावर पडलेला प्रकाश कागद परत पाठवतो, शाई शोषून घेते. या फरकामुळे अक्षर दिसते. मोबाइल आणि टॅब्लेट यांचे तसे नाही. एलसीडी पडद्यामागे दिवे असतात आणि त्यांचा प्रकाश कुठे सोडायचा, कुठे अडवायचा, हे द्रवस्फटिकांचा थर ठरवतो. ओएलईडी पडद्यात तर प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाशतो. मोबाइलवर पांढरे पान उघडून पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचे काम करतो आणि पांढऱ्या जागी लाल, हिरवे, निळे ठिपके दिसू लागतात. भर उन्हात हाच प्रकाश फिका पडतो.

ई-शाईचा पडदा मात्र कागदासारखा वागतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ जेकबसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही शाई विकसित केली. त्यांचा शोधनिबंध १९९८ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे व काळे कण असतात. दोन्ही कणांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. खालून योग्य विद्युतदाब दिला की पांढरे कण वर येतात. दाब उलटा केला की काळे. दाब काढून घेतला तरी कण जागच्या जागी राहतात. म्हणजे वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना, पान दाखवत ठेवायला नाही. म्हणूनच एकदा भारित केलेली बॅटरी कित्येक दिवस पुरते. अंधारात वाचण्यासाठी अनेक रीडरमध्ये कडेला छोटे दिवे असतात. त्यांचा प्रकाश आधी पडद्यावर पडतो आणि मग डोळ्यांकडे येतो.

मग सर्वांनी ई-शाईच घ्यावी का? तसे नाही. कणांना द्रवातून सरकायला वेळ लागतो, म्हणून चलचित्रांसाठी हा पडदा गैरसोयीचा. आधीच्या पानाची पुसट छायाही कधीकधी मागे राहते. रंगीत ई-शाईच्या एका प्रचलित प्रकारात काळ्या-पांढऱ्या थरावर रंगगाळण्या बसवतात; त्या काही प्रकाश शोषतात, त्यामुळे पान करडे दिसते.

मराठी वाचकाने आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्या लिपीतील रफार, अनुस्वार, जोडाक्षरे बारीक असतात. इंचाला ३०० बिंदू, म्हणजे मिलिमीटरला सुमारे १२ बिंदू असलेल्या पडद्यावर ती स्वच्छ उमटतात. दुसरी गोष्ट आकाराची. सहा इंची पडद्याची रुंदी सुमारे ९ सेंटिमीटर असते. पीडीएफ स्वरूपातील २१ सेंटिमीटर रुंदीचे पान त्यात बसवले, तर १४ पॉइंटचे अक्षर ६ पॉइंटचे होते! ईपब स्वरूपात मात्र अक्षर मोठे करता येते आणि ओळी नव्याने मांडल्या जातात.

ई-शाईने डोळे शिणतच नाहीत, असे मात्र सरसकट म्हणू नये. बारीक अक्षर, अपुरा उजेड आणि एकटक वाचताना पापण्या कमी मिटणे ही कारणे कोणत्याही पडद्यावर लागू होतात.

तेव्हा कथा-कादंबऱ्यांचे सलग वाचन, उघड्यावर वाचन, वीज बेभरवशाची असलेले गाव यांसाठी ई-शाई योग्य. रंगीत नकाशे, आकृत्या, चित्रफिती आणि पीडीएफ पाठ्यपुस्तके यांसाठी मोठा टॅब्लेट बरा. खरेदीपूर्वी आपल्याच ग्रंथालयातील विद्यार्थ्यांना गेल्या महिन्यात काय वाचले, कुठे वाचले, हे विचारून पाहावे. निवड निम्मी तेथेच होईल.