लाकडाचा वायू, घराची ऊब

चेक प्रजासत्ताकात घर तापवणारे सर्वांत जुन्या धाटणीचे, धूर ओकणारे बॉयलर वापरायला १ सप्टेंबर २०२४ पासून कायद्याने मनाई आहे. तिथल्या डोंगराळ भागात थंडीच्या लाटेत पारा शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत उतरतो. जंगल जवळ असल्याने सरपणाला मात्र तोटा नसतो. अशा भागातल्या घरांपुढचा एक उत्तम पर्याय म्हणजे लाकडाचा आधी वायू करून मग तो जाळणारा गॅसिफिकेशन बॉयलर.

लाकूड पेटल्यावर दिसणारी ज्वाळा ही खरं तर तापलेल्या लाकडातून सुटणाऱ्या वायूंची असते. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे ८० टक्के भाग असा वायुरूपाने बाहेर पडतो. जुन्या बॉयलरमध्ये त्यातला बराचसा न जळताच धुराड्यातून निघून जातो. धूर म्हणजे वाया गेलेलं इंधनच.

नव्या बॉयलरमध्ये एकावर एक दोन कप्पे असतात. वरच्या कप्प्यात ओंडके रचतात. तिथे हवा मोजकीच मिळते, त्यामुळे लाकूड धुमसतं आणि वायू सोडत राहतं. पंखा हा वायू खाली खेचतो. कप्प्यांमधल्या सिरॅमिकच्या फटीत त्याला तापलेली ताजी हवा मिळते आणि ज्वाळा उलटी, खालच्या दिशेने झेपावते. तापमान हजार अंशांपलीकडे जातं. काही बॉयलरना लहानशी काच असते. तिच्यातून पाहिलं तर पिवळसर-पांढरा झोत घोंघावताना दिसतो. बाहेर धुराड्यावर धूर जेमतेम जाणवतो. जुने बॉयलर लाकडातली साठ टक्के उष्णताही जेमतेम देतात. हा नव्वदच्या आसपास पोहोचतो.

हे तंत्र तसं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा युरोपात लाखो मोटारी लाकडाच्या वायूवर धावल्या आणि भारतातही कोळशाच्या वायूवर बसगाड्या चालल्या. चेक प्रजासत्ताकातली आत्मोस ही कंपनी १९३५ साली सुरू झाली आणि मोटारींसाठी अशी वायुयंत्रं बनवू लागली. आज तिची ओळख बॉयलरसाठी आहे.

आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाप्रमाणे या बॉयलरमध्येही आगीभोवतीचं पाणी तापतं. फक्त ते अंघोळीला न जाता नळांतून घरभरच्या रेडिएटरमध्ये फिरतं. पण हा बॉयलर स्वच्छ जळतो तो पूर्ण जोमात असतानाच. आच मंद केली की आत डांबर साचू लागतं. म्हणून सोबत पाण्याची मोठी, जाड आवरणाची टाकी लागते. हिशेब सोपा आहे. एक किलो वाळलेलं लाकूड सुमारे ४ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता देतं. एका भरणीच्या ३० किलोंतून, तूट वजा जाता, शंभराहून अधिक युनिट पाण्यात उतरतात. २,००० लिटरची टाकी ५० अंशांनी तापवायला साधारण ११६ युनिट लागतात. घराला सरासरी ५ किलोवॉट उष्णता लागत असेल, तर संध्याकाळी एकदा भरलेल्या बॉयलरवर दुसऱ्या दिवशी दुपार उलटून जाते. बॉयलरकडे परतणारं पाणीही ६० अंशांच्या आसपास गरम ठेवावं लागतं. ते फार गार असलं तर आत वाफेचं पाणी होऊन पत्रा गंजतो.

सगळा खेळ आहे तो कोरड्या लाकडाचा. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचंच असतं. ते पाणी उडवण्यात उष्णता खर्ची पडते आणि धूर परततो. ओलावा २० टक्क्यांखाली हवा. त्यासाठी ओंडके फोडून, वरून छप्पर आणि बाजूंनी वारा मिळेल असे एक-दोन वर्षं रचून ठेवतात. यंदाच्या थंडीचं सरपण निदान गेल्या वर्षीच फोडलेलं असावं लागतं.

वरच्या कप्प्यातल्या वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यामुळे स्वतंत्र, हवेशीर खोली, नियमित साफ केलेलं धुराडं आणि त्या वायूची सूचना देणारं यंत्र यांत काटकसर करू नये. टाकीला जागा, लाकडाला छप्पर आणि रोज भरणीला हात ज्या घरात आहेत, तिथे हा बॉयलर घ्यावा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर दुसरा पर्याय निवडावा.