दोन बॅटऱ्या आणि एक जळकी वायर: सुपरपोझिशन समजून घेताना

सोलापुरातून बोलतोय. आज कागद-पेन लागणार आहे, त्यामुळे बसमध्ये असाल तर घरी जाऊन पुन्हा ऐका.

३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. म्हणजे आता एकाच जाळ्यात शेकडो जनरेटर एकदम ढकलतायत. एवढ्या सोर्सचा हिशेब एका दमात करायचा म्हटलं तर डोकं गरगरणारच. सुपरपोझिशन म्हणतं, एकेक सोर्स चालू ठेवा, बाकीचे गप्प करा, शेवटी बेरीज करा. अशा लाइनवर फॉल्टचा करंट काढतानाही आधीचा लोड करंट वेगळा, फॉल्टमुळे झालेला बदल वेगळा, आणि मग बेरीज, हीच युक्ती वापरतात.

आता काढा. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी, तिच्या पुढे २ ओहम. उजवीकडे ६ व्होल्टची, तिच्याही पुढे २ ओहम. दोघींचे प्लस वरच्या बाजूला. मधल्या उभ्या फांदीत तिसरा २ ओहम. ह्या मधल्यातून करंट किती?

फक्त १२ व्होल्ट धरा. ६ च्या जागी सरळ वायर. उरलेले दोन रेझिस्टन्स पॅरलल, म्हणजे १ ओहम, एकूण ३. करंट ४ अँपिअर, त्यातला निम्मा मधे: २. तसंच फक्त ६ व्होल्ट धरलं की मधे १. दोन्हींची दिशा खालीच, म्हणून उत्तर ३ अँपिअर.

मार्क जातात ते इथे: बरेच जण बॅटरी काढून जागा मोकळी सोडतात. मग ३ आणि दीड, मिळून साडेचार येतात. चूक! व्होल्टेज सोर्स शून्य करायचा म्हणजे तिथे वायर. मोकळी जागा करंट सोर्सला.

पण हे वायर प्रकरण नीट ऐका. पहिल्या वर्षाला लॅबमध्ये मी बॅटरी न काढताच तिच्या दोन टोकांना वायर लावली होती. पुस्तकात ‘शॉर्ट करा’ लिहिलेलं ना! वायरचं प्लॅस्टिक वितळलं, बोटाला फोड आला. आधी बॅटरी काढायची, मग तिच्या जागी वायर. काय की, हे पुस्तकात ठळक का छापत नाहीत.

पॉवरची मात्र अशी बेरीज करू नका. मधल्यात वेगवेगळी काढली तर ८ आणि २ वॅट, खरी पॉवर १८. करंटचा वर्ग होतो ना, म्हणून. आणि सर्किटमध्ये डायोड आला की ही पद्धत सोडाच.

एक काम देतो. त्याच सर्किटमध्ये ६ व्होल्टच्या बॅटरीतून किती करंट वाहतो ते काढा. मी दोनदा तपासलं होतं, कारण उत्तर शून्य येत होतं.