बोटीच्या जनरेटरमधली कूलंट गळती कशी शोधावी?
बोटीच्या डिझेल जनरेटरमध्ये बहुधा दोन पाणीमार्ग असतात: इंजिनात फिरणारा कूलंट आणि हीट एक्स्चेंजरमध्ये त्याला थंड करणारे समुद्राचे पाणी. कूलंट कमी होत असेल, तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडावे. आधी होजचे क्लॅम्प आणि वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र टॉर्चने पाहावे. सुकलेल्या कूलंटचा हिरवट किंवा पांढरा थर गळतीची जागा दाखवतो.

काही दिसले नाही, तर प्रेशर टेस्टरने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरावी. काटा उतरतो, पण बाहेर थेंबही नाही, अशा वेळी हीट एक्स्चेंजरची आतली नळी फुटलेली असू शकते. मग कूलंट समुद्राच्या पाण्यात मिसळून एक्झॉस्टवाटे निघून जातो. ऑइल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केट तपासावे आणि दुरुस्तीपर्यंत जनरेटर चालवू नये.