मेलबर्नमधले तीन गोल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताचा एकदा चौथा क्रमांक आला होता, हे आपण अधूनमधून ऐकतो. साल 1956, ठिकाण मेलबर्न. ऐकून बरे वाटते आणि आपण पुढच्या विषयाकडे वळतो. पण हा चौथा क्रमांक आला कसा, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. हंगेरीचा संघ खेळायलाच आला नाही, म्हणून आपण न खेळता पुढे गेलो. मग ऑस्ट्रेलियाला हरवले. त्यानंतर युगोस्लाव्हियाकडून हरलो आणि ब्राँझपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून 3-0. म्हणजे मैदानावर उतरून जिंकलेला सामना एकच. त्यात आपण चार गोल केले आणि त्यातले तीन एकट्या नेव्हिल डिसोझाचे. तो आपल्या मुंबईचा खेळाडू.

नेव्हिलचा जन्म 1932 चा, गोव्यातल्या बार्देशमधल्या आसगावचा. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि पुढेही 1961 पर्यंत राहिला. गावोगावची माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला येत, धोबीतलावच्या आसपासच्या कुडांत उतरत आणि येताना फुटबॉलचे वेड बरोबर आणत. मुंबईत नेव्हिल टाटांच्या संघाकडून खेळला. आजच्या वाचकाला हे थोडे समजावून सांगायला हवे. तेव्हा इथे फुटबॉलचा पगार नसे. कंपन्या खेळाडूंना नोकरी देत आणि खेळाडू कंपनीच्या संघातून खेळत. टाटा, कालटेक्स, बर्मा शेल, रेल्वे, अशा संघांच्या लढती पाहायला कूपरेजवर गर्दी लोटत असे. रोव्हर्स कपसाठी कलकत्ता-हैदराबादचे संघ तिथेच उतरत. हैदराबाद पोलिसांनी तर 1950 पासून सलग पाच वर्षे तो कप नेला. त्यांचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम. हेच रहीमसाहेब भारताचा संघ घेऊन मेलबर्नला गेले.

त्यांच्यापुढचे काम सोपे नव्हते. 1952 मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे धुतले होते आणि तेव्हा आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. मेलबर्नला संघ बूट घालून उतरला. कर्णधार बद्रू बॅनर्जी, उजव्या बगलेवर पी. के. बॅनर्जी, आणि गोलरक्षकांत मुंबईचाच एस. एस. नारायण.

1 डिसेंबर 1956, शनिवार. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, एक्केचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा मॉरो. मध्यंतराला 2-2. मला या सामन्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो तिसरा गोल. दोनदा आघाडी घेऊन दोनदा गमावली की संघाचे खांदे पडतात. अशा वेळी, उत्तरार्ध सुरू होऊन पाचच मिनिटे झाली असताना नेव्हिलने तिसऱ्यांदा जाळे हलवले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूने केलेली ही पहिली हॅट्‌ट्रिक. शेवटी किट्टूने चौथा गोल केला आणि भारत उपांत्य फेरीत गेला. तिथवर पोचलेला आशियातला तो पहिला संघ.

तीन दिवसांनी युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत गोल नाही. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेल्या संघाने त्याच प्रतिस्पर्ध्याला पंचेचाळीस मिनिटे रोखून धरले, हेच केवढे! बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला तोही आपला, नेव्हिलचाच. ही आघाडी दोन मिनिटे टिकली. पुढे पापेचने दोन, वेसेलिनोविचने एक आणि एक आपल्याच खेळाडूकडून स्वयंगोल. 4-1. युगोस्लाव्हिया अंतिम सामन्यात लेव याशिनच्या सोव्हिएत संघाकडून एका गोलने हरला. स्पर्धा संपली तेव्हा सर्वाधिक गोल तिघांच्या नावावर होते, प्रत्येकी चार. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि आपला नेव्हिल डिसोझा.

नेव्हिलचे पुढे काय झाले? 1960 च्या रोम ऑलिंपिकच्या संघात तो नव्हता. त्यानंतर भारत आजवर ऑलिंपिक फुटबॉलमध्ये खेळलेला नाही. अर्जुन पुरस्कार 1961 पासून सुरू झाले. फुटबॉलचा पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जींना मिळाला, पुढे बलराम, चुनी गोस्वामी, थंगराज यांनाही मिळाले. सगळे योग्यच. पण त्या यादीत नेव्हिलचे नाव शोधून सापडत नाही. पुरस्कार सुरू झाले तोवर त्याचे भराचे दिवस ओसरले होते, असे म्हणता येईल. मला ते कारण पुरेसे वाटत नाही. मार्च 1980 मध्ये तो गेला. वय अवघे 47. रोव्हर्स कपही 2000-01 च्या स्पर्धेनंतर थांबला.

रहीमसाहेबांवरचा ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट 2024 मध्ये आला, त्यात नेव्हिलची भूमिका आहे. त्याच्या चित्रीकरणासाठी आपल्या वर्सोव्याच्या खाडीपलीकडे, मढला, फुटबॉलचे आख्खे मैदान उभारले होते. जेट्टीवरून होडीत बसले की पाच-दहा मिनिटांत पलीकडे! ते मैदान 2020 च्या टाळेबंदीत मोडावे लागले. पुन्हा उभारले, तर मे 2021 च्या तौक्ते वादळाने त्याची वाट लावली. चित्रपट मात्र पूर्ण झाला, आणि मेलबर्नचे गोल करणारा तो गोंयकार नव्या पोरांना त्यात पाहता आला.