सायकल जड का जाते? चढ, वारा आणि आपला दम



ग्रामसंघांच्या बैठकांना गावोगाव फिरताना एक गोष्ट सारखी दिसते. बऱ्याच घरांच्या पडवीत सायकल उभी असते, पण तिच्यावर कपडे वाळत घातलेले असतात. कुणाच्या मुलीला ती मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी मिळालेली, कुणी गटाच्या कर्जातून घेतलेली. विचारलं की उत्तर ठरलेलं: "झेपत नाही." कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं पोरगी नाजूक आहे. मला वाटतं यात पायांना उगाच दोष दिला जातोय. रस्ता किती चढतो आणि वारा कुठून येतो, हे आधी पाहायला हवं.

आपण हा हिशेब विहिरीच्या पाण्याने करू. दहा मीटर खोल विहिरीतून दहा लिटरची एक बादली शेंदायला जितकं बळ लागतं, तेवढं एक माप धरा. (पाण्याचंच वजन धरलंय, बादलीचं आणि रहाटाचं सोडून दिलंय.)

आता पन्नास किलोची बाई, वीस किलोची साधी सायकल आणि पाच किलोची पिशवी, असे मिळून 75 किलो झाले. सपाट डांबरी रस्त्यावर, वारा नसताना, बेताच्या वेगाने एक किलोमीटर जायला साधारण दहा बादल्यांचं काम होतं. पण वाटेत वीस मीटर उंचीची टेकडी असेल, तर तेवढ्या चढासाठीच आणखी पंधरा बादल्या लागतात. वीस मीटर म्हणजे गावातले विजेचे अडीच खांब एकावर एक ठेवले तर होतील तेवढेच. म्हणजे अडीच खांबांचा चढ हा दीड किलोमीटर सपाट रस्त्याएवढा दमवतो.

म्हणून जवळचा रस्ता नेहमी सोपा नसतो. टेकडीवरून तीन किलोमीटर आणि कालव्याच्या कडेने पाच किलोमीटर, असे दोन रस्ते असतील आणि टेकडी चाळीस मीटर चढत असेल, तर चढाच्या तीस बादल्या आणि जास्तीच्या दोन किलोमीटरच्या वीस. कालव्याचा रस्ता लांब असूनही हलका पडतो. पलीकडे उतार मिळतो हे खरं, पण उताराला भीतीने ब्रेक दाबून धरला की चढताना केलेली सगळी कमाई ब्रेकमध्येच जाते. (अर्थात उताराला ब्रेक हवाच. मागचा आधी, मग पुढचा हळूच. पावसात चाक ओलं असलं की ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा वेग आधीच कमी ठेवा.)

चढ डोळ्याला दिसतोच असं नाही. शंभर मीटरला दोन मीटर चढणारा रस्ता सपाटच वाटतो, पण त्याला सपाटीच्या अडीचपट जोर लागतो. तो ओळखायचा कसा? वारा नसलेल्या दिवशी परत येताना पायडल न मारता सायकल जिथे आपोआप पळते, तोच जातानाचा चढ. आणि सामानाचं म्हणाल, तर दहा लिटरचा दुधाचा कॅन सपाटीला फारसा जाणवत नाही, चढाला मात्र त्याच्या दोन बादल्या वेगळ्या मोजाव्या लागतात.

चढावर बादल्या कमी होत नाहीत, पण त्या दोन मिनिटांत शेंदायच्या की सहा मिनिटांत हे आपल्या हातात असतं. दम त्यावरच ठरतो. आपल्या साध्या सायकलीला गिअर नसतात आणि फार हळू चालवली तर ती डगमगते. म्हणून छाती भरून यायच्या आधीच उतरावं आणि ढकलत न्यावी. "उतरली बघा" म्हणून पारावरचे हसतात, हे मुली मला सांगतात. हसू द्या. घाट चढताना लोडचा ट्रकसुद्धा गिअर बदलतो. आपला खालचा गिअर म्हणजे पायी चालणं.

आता वारा. तो दिसत नाही, म्हणून त्याला कुणी दोष देत नाही. वारा नसताना ताशी बारा किलोमीटरने जाताना हवा जेवढी अडवते, त्याच्या चौपट ती अडवते समोरून तेवढ्याच वेगाचा वारा आला तर. एकूण मेहनत जवळजवळ दुप्पट होते. सपाट रस्ता असूनही चढावर असल्यासारखं वाटतं ते यामुळे.

"येताना तोच वारा पाठीला असतो, फिट्टंफाट," असं एक ताई म्हणाल्या. तसं होत नाही. समजा बाजार सहा किलोमीटरवर आहे. वारा नसला तर जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. वाऱ्यात जाताना वेग ताशी आठवर आला तर पाऊण तास लागतो, येताना सोळा झाला तर साधारण साडेबावीस मिनिटं. एकूण साडेसात मिनिटं जास्तच. अडवणाऱ्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, मदत करणाऱ्या वाऱ्यात कमी.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या, पाटणमधल्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या याच दिवसांत जोरात फिरतात. तेव्हा जिची शाळा गावाच्या पश्चिमेला आहे, तिला जून ते सप्टेंबर सकाळी दहा-पंधरा मिनिटं आधी निघू द्या. उन्हाळ्यात जमीन तापली की दुपारनंतर वारा वाढतो, पहाटे-सकाळी शांत असतो. पशुसखींनी लांबच्या वस्त्या सकाळी उरकल्या तर बरं. खिंडीत आणि पुलावर वारा बाजूने ढकलतो, तिथे दोन्ही हात घट्ट ठेवा. ओढणी, पदर खोचूनच बसा. फडफडणारं कापड वारा तर धरतंच, पण चाकात किंवा साखळीत अडकलं तर जिवावर बेतेल.

दोन गोष्टी घरीच करता येतात. टायर अंगठ्याने दाबून बघा. सहज दबला तर हवा भरा, कारण हळू चालवताना सपाटीवर वाऱ्यापेक्षा मऊ टायरच जास्त बळ खातो. आणि सीट. पाय पूर्ण जमिनीला टेकावा म्हणून आपण ती खाली ठेवतो आणि मग गुडघे दुखतात. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. थांबल्यावर चवडा टेकला तरी पुरतो. भीती वाटत असेल तर एकेक बोट वर घेत जा.

हे सगळं करूनही, सपाट रस्त्यावर, वारा नसताना मुलीला दम लागत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तिला आळशी म्हणू नका आणि सायकलही बंद करू नका. तिला उपकेंद्रात नेऊन हिमोग्लोबिन तपासा. ते बारापेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे, आणि रक्त कमी असलं की चढ नसतानाही चढ वाटतो. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ती खरंच खाते का, तेही विचारा. "मळमळतं" म्हणून ती दप्तरातच राहते. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. ताटात लिंबू असू द्या, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. आपल्या स्वतःच्या तपासणीचंही त्याच फेरीत उरका. पुढच्या बैठकीत आशाताई येणार आहेत, त्यांना तपासणीचा वार विचारून घेऊ.